मजुरांच्या मोटाबेन : अनसूयाबेन साराभाई

समाजसेवा म्हणजे गरिबांच्या मुलांना शिकविणे, आजाऱ्यांचे औषधपाणी पाहणे, अडल्यानडल्याला हात देणे, अशी आपली समजूत असते. ही कामे मोलाचीच. पण ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या घामाला रास्त दामच मिळत नसेल, तर सेविकेने काय करावे? अहमदाबादच्या अनसूयाबेन साराभाई यांना हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर देताना सख्ख्या भावासमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

११ नोव्हेंबर १८८५ रोजी एका धनाढ्य जैन गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले व धाकट्या भावंडांसह त्या चुलत्यांकडे वाढल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले; तो संसार काही सुखाचा झाला नाही आणि त्या माहेरी परतल्या. अशा मुलीच्या वाट्याला त्या काळी घराचा कोपराच यावयाचा. परंतु धाकटे बंधू अंबालाल यांनी बहिणीची शिक्षणाची ओढ जाणली. त्यांच्या पाठबळावर १९१२ साली त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. प्राण्यांची चिरफाड जैन मनाला मानवेना, म्हणून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वाट धरली. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांची चळवळ त्यांनी तेथे जवळून पाहिली.

१९१३ साली परतल्यावर त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली, पाळणाघर व प्रसूतिगृह चालविले. एके सकाळी गिरणीतून परतणाऱ्या, थकव्याने गळून गेलेल्या बाया त्यांना दिसल्या. विचारता कळले, सलग ३६ तास काम करून त्या घरी चालल्या होत्या! केवळ शाळा काढून हे दुःख हटणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९१४ साली त्यांच्या पुढारीपणाखाली विणकरांनी २१ दिवस संप केला.

खरी कसोटी पुढेच होती. १९१७ साली प्लेगच्या भीतीने मजूर शहर सोडू लागले, तेव्हा मालकांनी जादा भत्ता दिला; साथ ओसरताच तो काढून घेतला. महागाई मात्र तशीच राहिली. मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले आणि २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. मालकांचे पुढारी होते अंबालाल! मजुरांचे मार्गदर्शक होते गांधीजी. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरे आणि अनसूयाबेन मजुरांच्या घरोघर फिरून धीर देत. उपासमारीने मजूर डळमळू लागले तेव्हा, १५ मार्चला, गांधीजींनी उपोषण आरंभिले. तीन दिवसांत तडजोड झाली व पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच दिले. भावाबहिणीचा झगडा तत्त्वाचा होता; माया आटली नाही.

१९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला. वेतनाची भांडणे लवादाने सोडविणे आणि जोडीला वस्तीत शाळा, दवाखाने चालविणे, असे दुहेरी काम संघाने केले. मजूर अनसूयाबेनना मोटाबेन, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. १ नोव्हेंबर १९७२ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी या संघाच्या महिला विभागातून, इला भट्ट यांच्या पुढाकाराने, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या व भाजी विकणाऱ्या बायांची ‘सेवा’ संघटना उभी राहिली.

भगिनींनो, आपल्या मंडळाचे शिवणवर्ग व बालवाडी चालू राहोतच. पण आपल्या दारी येणाऱ्या कष्टकरी बाईला तिचा मोबदला पुरता मिळतो का, हेही आपण विचारू या. मोटाबेनची सेवा याच प्रश्नापासून सुरू झाली होती.