महात्मा जोतीराव फुले आणि त्यांचे गंज पेठेतील घर

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या समाजातील कोणत्याही घरास अपरिचित नाही. त्यांची तसबीर आपल्या भिंतींवर आहे आणि त्यांच्या जयंती-पुण्यतिथीचे समारंभ आपण भक्तिभावाने साजरे करतो. म्हणून त्या चरित्राची उजळणी न करता, ज्या घरात ते घडले त्या घराच्या अंगाने जोतीरावांचे स्मरण करावे असे आम्ही योजिले आहे. या कथेत अभिमानास जागा आहे, तशी ती आम्हां सर्वांस मान खाली घालावयास लावणारीही आहे.

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. मातोश्री चिमणाबाई लहानपणीच निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांस मायेने वाढविले. 1840 मध्ये नायगावच्या नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी विवाह झाला. 1848 मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांच्या रोषास भिऊन वडील गोविंदरावांनी पुत्राला व सुनेला घर सोडावयास सांगितले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी; कारण घर म्हणजे काय हे जोतीरावांस प्रथम कळले ते घराबाहेर पडल्यावर.

पुढे गंज पेठेत त्यांनी आपला संसार थाटला. ते घर सरदार-दरकदारांच्या वाड्यांसारखे नव्हते. ना त्यास बुरूज, ना नगारखाना. बेताची उंची, वर कौले, मध्ये अंगण आणि पाण्याची सोय. कष्टकरी, व्यवसायी माणसाचे ते घर. परंतु पुण्यातील थोरथोर वाड्यांच्या चौकांत जे घडले नाही ते या अंगणात घडले. फसविल्या गेलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे, त्यांची अर्भके वाचावीत, म्हणून 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्या अभागी स्त्रियांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी मायेने केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्या निपुत्रिक दांपत्याने पोटच्या पुत्राप्रमाणे वाढविले व शिकवून डॉक्टर केले. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बांधवांस खुला केला. ज्या काळी सावलीचाही विटाळ मानीत, त्या काळी आपल्या अंगणातील पाणी देणे म्हणजे जातगंगेचा रोष ओढवून घेणे होते. पण जोतीरावांनी त्याची तमा बाळगली नाही. 1873 मध्ये पुण्यात त्यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांचाही या घरी राबता असे.

जोतीराव केवळ लेखक व सुधारक नव्हते, ते बांधकामाचे ठेकेदारही होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामी आणि येरवड्याच्या पुलाच्या कामी त्यांचा संबंध आला. दगड, चुना, मजुरांची मजुरी आणि इंजिनिअर खात्यातील लाचलुचपत यांचे त्यांस जे ज्ञान होते ते पुस्तकी नव्हते. या व्यवसायातील कमाई त्यांनी समाजकार्यात ओतली. स्वतःसाठी साठविली नाही. 1888 मध्ये मुंबईच्या जनतेने त्यांस महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तशा स्थितीत डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हा ग्रंथ लिहिला. हाती पैसा उरला नव्हता. स्नेही मामा परमानंद यांना त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला.

1887 मध्ये जोतीरावांनी आपले मृत्युपत्र करून ठेवले. यशवंतास वारस नेमतानाही, तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील लायक मुलास मालमत्ता मिळावी अशी तजवीज त्यांनी केली. रक्तापेक्षा लायकीस त्यांनी श्रेष्ठ मानले. आपला देह जाळू नये, मिठात घालून घरामागे पुरावा, अशीही त्यांची इच्छा होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे देहावसान झाले. लोकवस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंदांनी हक्काचा तंटा उभा केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. अस्थी घरी आणून घरामागील जागेत ठेवण्यात आल्या. तीच आजची समाधी.

येथून पुढची कथा सांगताना लेखणी अडखळते. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. त्यानंतर काही वर्षांतच डॉक्टर यशवंतरावही कालवश झाले. मागे उरली त्यांची विधवा पत्नी आणि लहान मुलगी. जोतीरावांचे घर वांझोट्या कीर्तीने चालणार नव्हते. पोट भरण्यासाठी त्या माउलीने एकेक वस्तू विकली आणि अखेरीस 1910 मध्ये राहते घरही विकले. किंमत आली अवघी 100 रुपये. ज्या घराने निराधार विधवांना आसरा दिला, त्याच घराची सून निराधार झाली, आणि पुढे याच पुण्यात तिला बेवारशी मरण आले.

या दोषाचे खापर कोणा एका व्यक्तीवर फोडणे आम्हांस उचित वाटत नाही. विकणारीचा नाइलाज होता. विकत घेणाऱ्याने व्यवहार केला. परंतु पुणे शहर तेथेच होते, जोतीरावांचे नाव घेणारे तेथेच होते, आमचा समाजही तेथेच होता. वर्षाकाठी घरटी चार आणे निघते तरी ते घर राहते व ती माउली जगती. आम्ही जयजयकार केला. चौकशी केली नाही.

सुदैवाने ही चूक अंशतः तरी सुधारली गेली. 1922 मध्ये सावता माळी फ्री बोर्डिंगने हे घर विकत घेतले. विद्यार्थ्यांच्या निवासासाठी झटणाऱ्या संस्थेच्या हाती जोतीरावांची वास्तू यावी, यापेक्षा समर्पक योग कोणता? पुढे महाराष्ट्र शासनाने ती संरक्षित स्मारक म्हणून हाती घेऊन तिची डागडुजी केली आणि 1993 मध्ये राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते ती राष्ट्रास अर्पण झाली. गंज पेठेस आज महात्मा फुले पेठ म्हणतात आणि वाड्यास समताभूमी. सर्वच वास्तूंच्या नशिबी हे आले नाही. ज्या भिडे वाड्यात ती पहिली शाळा भरली, तो मोडकळीस येऊन दीर्घ कोर्टकज्जानंतर डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. नवे स्मारक उभे राहील. जुन्या भिंती परत येणार नाहीत.

एक शंका मात्र आमच्या मनास टोचते. जातिभेदाचा उच्छेद करावयास निघालेल्या पुरुषाचा गौरव आम्ही एका जातीच्या स्मरणिकेत करीत आहोत. जोतीराव आज असते तर त्यांनी आम्हांस प्रथम हाच जाब विचारला असता. त्यास आमच्यापाशी एकच उत्तर आहे. बोर्डिंगने वाडा सोडविला तो आपल्यापुरता दडवून ठेवण्यासाठी नव्हे; तेथे आज सर्व जातींची, सर्व धर्मांची माणसे येतात. आमच्या संघटनेचे बळ अशाच कामी लागावे, एवढेच तिचे समर्थन.

वाचक बंधु-भगिनींना आमची विनंती आहे की, पुण्यास आल्यावर मुलाबाळांसह वाड्यात जावे, समाधीपुढे नमस्कार करावा, आणि परतताना आपल्या आळीत एखादी निराधार माउली घर विकण्याच्या विवंचनेत नाही ना, याची चौकशी करावी. दगडविटांची दुरुस्ती शासन करील. ही दुसरी दुरुस्ती आपली आपणच करावयाची आहे.