फ्लोरिन मुक्त करणारे आंरी म्वासां

पॅरिसमध्ये २८ सप्टेंबर १८५२ रोजी जन्मलेल्या आंरी म्वासां यांना गरिबीमुळे शाळा अर्ध्यावर सोडून औषधांच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. पुढे रसायनशास्त्रात शिरल्यावर त्यांनी फ्लोरिनचा ध्यास घेतला. या विषारी वाटेवर बेल्जियमचे लुये व फ्रान्सचे निक्लेस प्राणास मुकले होते. अडचण पाण्याची होती. फ्लोराइडच्या जलीय द्रावणातून वीज सोडली, की फ्लोरिनऐवजी ऑक्सिजनच हाती येई. निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमधून तर वीज वाहतच नसे. म्वासां यांनी त्यातच पोटॅशियमचा फ्लोराइड क्षार विरघळवला. २६ जून १८८६ रोजी प्लॅटिनमच्या थंड केलेल्या नळीतून वायू सुटला आणि त्याच्या स्पर्शाने सिलिकॉनने पेट घेतला! गंमत अशी, की विज्ञान अकादमीचे परीक्षक आले तेव्हा प्रयोग फसला. या खेपेचे आम्ल इतके शुद्ध होते, की त्यात क्षाराचा अंशही उरला नव्हता. क्षार घालताच वीज वाहू लागली. १९०६ चे नोबेल स्वीकारून स्टॉकहोमहून परतलेल्या म्वासां यांचे २० फेब्रुवारी १९०७ रोजी अपेंडिसायटिसने निधन झाले. कारखान्यांतील फ्लोरिन आजही पोटॅशियम फ्लोराइड व हायड्रोजन फ्लोराइड यांच्या निर्जल मिश्रणातूनच काढले जाते.