शत्रूच्या बाजूने बघणारा रॉड सर्लिंग

सायन्स फिक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यानं, रोबो आणि हिरवे एलियन येतात. पण १५ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'ट्वायलाइट झोन' मालिकेचा 'टू' नावाचा एपिसोड लागला, त्यात यातलं काहीच नव्हतं. युद्धानंतरचं एक ओसाड शहर आणि त्यात उरलेली दोन माणसं. तो एका सैन्यातला, ती शत्रूच्या. पहिलीच भेट होते ती खाण्यावरून मारामारीने. ती हल्ला करते, तो तिला ठोसा मारून बेशुद्ध पाडतो. मग पोटभर खातो, तिच्यावर पाणी ओतून तिला शुद्धीवर आणतो आणि आता भांडायला कारणच उरलेलं नाही हे समजावू बघतो. तिला भाषा कळत नाही. अख्ख्या एपिसोडमध्ये ती एकच शब्द बोलते, तोही रशियन, दुकानाच्या काचेमागचा सुंदर ड्रेस बघून. तो तिला तो ड्रेस देतो. ती कपडे बदलायला नेमकी सैन्यभरतीच्या ऑफिसात शिरते, भिंतीवरची पोस्टर्स बघते आणि बाहेर येऊन त्याच्यावरच गोळ्या झाडते! नेम चुकतो. शेवटी ती ड्रेस घालून त्याच्याकडे येते, त्यानेही गणवेश उतरवलेला असतो, आणि दोघं बरोबर चालू लागतात.

बर्लिनची भिंत बांधायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

हा एपिसोड लिहिला आणि दिग्दर्शित केला माँटगोमेरी पिटमनने. पण असली गोष्ट त्या काळात टीव्हीवर दाखवता येईल अशी जागा तयार करणारा माणूस म्हणजे रॉड सर्लिंग. आणि त्याने स्वतः शत्रूवर खरोखरच्या गोळ्या झाडलेल्या होत्या.

सर्लिंगचा जन्म २५ डिसेंबर १९२४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. बालपण गेलं बिंगहॅम्टन या गावात. घर ज्यू, त्यामुळे हिटलरशी लढायची त्याला भारी खुमखुमी. १९४३ मध्ये शाळा संपल्या संपल्या पठ्ठ्या सैन्यात भरती झाला. उंची पाच फूट चार इंच, तरी पॅराशूट रेजिमेंटमध्ये घुसला. तिथे बॉक्सिंगही केलं. पण जर्मनी राहिली बाजूला, त्याला पाठवलं फिलिपिन्सला, जपान्यांशी लढायला. लेटे बेटावर त्याचा एक जवळचा मित्र मेला तो शत्रूच्या गोळीने नाही, तर विमानातून टाकलेलं अन्नाचं खोकं अंगावर पडून. सर्लिंगच्या डोळ्यांदेखत. पुढे मनिलाच्या लढाईतही तो होता. गुडघ्याला झालेली जखम जन्मभर त्रास देत राहिली. चालता चालता गुडघा दगा द्यायचा आणि तो पडायचा. रात्री दचकून उठणंही सुटलं नाही. तिकडे असतानाच वडील हृदयविकाराने गेले, अंत्यविधीला यायला रजा मिळाली नाही.

परत आल्यावर सरकारी मदतीवर ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात शिकला. पॉकेटमनीसाठी नवीन पॅराशूट तपासून बघायला उड्या मारायचा, एका उडीचे ५० डॉलर. (आपल्याकडच्या पार्टटाइम जॉबबद्दल तक्रार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

लेखक म्हणून नाव झालं ते १२ जानेवारी १९५५ ला. 'पॅटर्न्स' हे त्याचं नाटक टीव्हीवर थेट सादर झालं आणि इतकं गाजलं की महिन्याभरात पुन्हा सादर करावं लागलं. पण खरी मारामारी पुढेच होती. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंगने त्यावर बेतलेलं नाटक लिहिलं. झालं! स्पॉन्सर घाबरले. दक्षिणेतलं गाव उत्तरेत नेलं, मेलेला माणूस कुणी अनामिक परदेशी केला, आणि कोकाकोलाच्या बाटलीवरून दक्षिण आठवेल म्हणून ती बाटलीसुद्धा काढली. १९५८ मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला, तर गोष्ट शंभर वर्षं मागे ढकलावी लागली.

तेव्हा सर्लिंगने ओळखलं की माणसाच्या तोंडी जे चालत नाही ते मंगळावरच्याच्या तोंडी सहज खपतं. २ ऑक्टोबर १९५९ ला 'ट्वायलाइट झोन' सुरू झालं. पाच सीझन, १५६ एपिसोड, त्यातले ९२ एकट्या सर्लिंगने लिहिलेले. सगळेच चांगले नाहीत. काही चक्क भाषणं आहेत. आणि या युक्तीत एक मेख आहेच, गोष्ट परग्रहावरची असली की बघणाराही हे आपल्याबद्दल नाही असं म्हणून आरामात झोपू शकतो.

म्हणूनच मला त्याचा 'अ क्वालिटी ऑफ मर्सी' (२९ डिसेंबर १९६१) जास्त मोठा वाटतो. तिथे आडपडदाच नाही. जागा फिलिपिन्स, साल १९४५. गुहेत अडकलेल्या जखमी, उपाशी जपान्यांना संपवायला उतावळा झालेला एक तरुण अमेरिकन लेफ्टनंट. अचानक तो १९४२ सालात जाऊन पडतो, आता तो स्वतः जपानी अधिकारी आहे आणि गुहेत जखमी अमेरिकन आहेत. तो दयेची भाषा बोलायला लागतो तर त्याचा वरिष्ठ अगदी त्याचेच युक्तिवाद त्याला ऐकवतो. मित्रांचं मरण ज्या मातीत बघितलं, त्याच मातीत उभं राहून सर्लिंगने समोरच्याचा गणवेश घातला. युद्ध संपून तेव्हा १६ वर्षंच झाली होती. (यात एका सैनिकाच्या छोट्या भूमिकेत लिओनार्ड निमॉय आहे, म्हणजे पुढचा स्टार ट्रेकमधला मिस्टर स्पॉक!)

मालिका १९६४ मध्ये बंद झाली. पुढे 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) च्या पटकथेत त्याचा वाटा होता, 'नाइट गॅलरी' ही मालिका झाली, इथाका कॉलेजात तो मुलांना लेखन शिकवायचा. एपिसोडच्या सुरुवातीला सूट घालून उभ्या असलेल्या सर्लिंगच्या हातात बऱ्याचदा सिगारेट दिसते. ती कॅमेऱ्यापुरती नव्हती, दिवसाला तीन-चार पाकिटं व्हायची. २८ जून १९७५ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रोचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये तो गेला, वय फक्त ५०. वडिलांइतकंही आयुष्य त्याला मिळालं नाही.