राजापर्यंत न पोचलेला अर्ज

ऑस्ट्रेलियातील यॉर्टा यॉर्टा या आदिवासी समाजाचे विल्यम कूपर. राखीव वस्तीवर राहणाऱ्याला म्हातारपणाचे पेन्शन नाही, म्हणून सत्तरी ओलांडल्यावर १९३३ साली त्यांनी मेलबर्न गाठले आणि राजाच्या नावे अर्ज केला. सह्या १८१४. मागणी संसदेत आपल्या प्रतिनिधीची. आमच्या वाचकांना ती ओळखीची वाटेल. १९३७ साली अर्ज सरकारच्या हाती पडला. त्याच वर्षी कॅनबेरात अधिकाऱ्यांनी ठराव केला, की मिश्र रक्ताच्या आदिवासींना गोऱ्या समाजात विरवून टाकावे. आईच्या कुशीतून लेकरे ओढून नेणे तर आधीपासूनच चालू होते, आणि त्याला नाव काय, तर संरक्षण! आम्ही त्याला समाज संपवणेच म्हणतो. पुढच्याच वर्षी सरकारने अर्ज पाठवायचे नाकारले. कूपर १९४१ साली गेले. नातवाने अर्जाची प्रत गव्हर्नर जनरलकडे दिली, तेव्हा २०१४ साल उजाडले होते.