देवळालीचे गणितवेडे मास्तर

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करा. सातव्या वजाबाकीला ६१७४ येते आणि त्यानंतर उत्तर बदलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचते.

हे शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्येच डहाणूत जन्मले. ठाण्यात शाळा आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीत शाळामास्तरकी केली.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण अनेक जाणकारांना ही नुसती आकड्यांची करमणूक वाटली. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. मग ऐकणार कोण? त्यांचे बरेचसे काम लहान नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतच राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि जगभरचे वाचक या आकड्यांच्या मागे लागले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

शाळेने त्यांना पगार आणि विद्यार्थी दिले. त्यांच्या संशोधनाला मात्र ग्रंथालय, सहकारी आणि दाद देणारे वरिष्ठ हवे होते. हुशार माणूस आपली वाट आपणच काढतो, अशी आपली समजूत असते. कापरेकरांनी ती काढलीही. पण जगाने दखल घेईपर्यंत आयुष्य उताराला लागले होते.

आज पेठच्या एखाद्या आश्रमशाळेत वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसलेले मूल असेल. ते अभ्यासात लक्ष देत नाही, असा शेरा मारण्यापूर्वी ती वही एकदा बघावी. आणि ते आकडे मांडणारे शिक्षकच असतील, तर मुख्याध्यापकांनीही बघावी.