वऱ्हाडच्या पऱ्हाटीजवळ गिरणी उभारणाऱ्या जमशेटजींचा वंश मुलांवरच थांबला, मग आजचे टाटा कुठून आले?

अमरावतीहून नागपूरकडे निघालात की वाटेत तिवसा लागतं. तिथून पुढे वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतो. आता या पट्ट्यात सोयाबीन आणि संत्री दिसतात, पण दीडशे वर्षांपूर्वी इथली खरी ओळख होती पऱ्हाटी. काळ्या मातीत कापूस पिकायचा, बंड्या भरून बाजारात जायचा आणि तिथून गाठी बांधून मुंबईला. मुंबईहून जहाजानं थेट इंग्लंडला. त्याच कापसाचं कापड होऊन परत इकडे विकायला यायचं.

हा उलटा प्रवास मुंबईतल्या एका पारशी व्यापाऱ्याला खटकला. कापूस जिथं पिकतो तिथंच गिरणी का काढू नये, असा साधा विचार त्यानं केला. त्याचं नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजी सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्या घराण्याची वंशावळ काढायला बसलात, तर डोकं चक्रावतं. कारण जमशेटजींना एकही नातवंड नव्हतं. मग जेआरडी कोण? रतन टाटा कोण? आणि आज टाटा ट्रस्टचे अध्यक्ष असलेले नोएल टाटा कुठल्या फांदीवरचे?

सुरुवात मुळापासून करू.

गुजरातमधल्या नवसारीत टाटांचं घर होतं. पिढ्यान् पिढ्या पारशी धर्मगुरूंचं घराणं. या घरातले नसरवानजी हे पौरोहित्य सोडून व्यापारात उतरणारे पहिले. त्यांचं लग्न लहानपणीच जीवनबाईंशी झालेलं. 3 मार्च 1839 रोजी जमशेटजींचा जन्म झाला, तेव्हा वडिलांनी विशीही गाठलेली नव्हती. पुढे नसरवानजी मुंबईला आले, धंद्यात जम बसला आणि त्यांनी मुलालाही बोलावून घेतलं. जमशेटजी एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि 1858 साली शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीवर बसले. हिराबाईंशी त्यांचं लग्न शिकत असतानाच झालं होतं.

दुसऱ्याच वर्षी ते हाँगकाँगला गेले. तेव्हा मुंबईचे व्यापारी चीनला कापूस आणि अफू पाठवत, तिकडून चहा आणि रेशीम आणत. जमशेटजी धंदा शिकले तो असा.

मग 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना भारताच्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही. भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, रोज नव्या कंपन्या निघाल्या. 1865 साली युद्ध थांबलं आणि सगळा फुगा फुटला. नसरवानजींची पेढीही त्यात सापडली. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. हातातल्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती आणि देणेकऱ्यांना तोंड द्यायचं होतं.

कापसाच्या नुसत्या भावावर जगण्यातला धोका त्यांना तिथं कळला. घराणं सावरलं ते 1868 सालच्या इंग्रजांच्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेत रसद पुरवण्याचा ठेका मिळाला म्हणून. त्याच वर्षी जमशेटजींनी 21 हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग ते लँकेशायरला गेले आणि तिथल्या गिरण्या बारकाईनं पाहून आले.

परत आल्यावर सगळ्यांना वाटलं, आता मुंबईत गिरणी निघणार. निघाली नागपुरात.

यामागं सरळ हिशोब होता. एका बाजूला वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याचा कापूस. दुसऱ्या बाजूला वरोऱ्याचा दगडी कोळसा. 1867 सालीच रेल्वे नागपूरपर्यंत पोचलेली. शिवाय आसपास हातमागवाल्या विणकरांची मोठी वस्ती, म्हणजे सुताला गिऱ्हाईक दाराशी. 1874 साली 15 लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा मिळाली. ती बुजवायलाच इतकी माती लागत होती की नागपूरच्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. त्याच्या मते हा माणूस जमिनीत सोनं पुरत होता. पुढे गिरणीचा नफा पाहून त्यानं आपली चूक मान्य केली, असं सांगतात.

1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. सुमारे 30 हजार चात्या आणि 450 माग घेऊन काम सुरू झालं. रेल्वेत काम केलेल्या बेजनजी मेहतांना जमशेटजींनी मॅनेजर केलं. कापडाचा अनुभव नसलेल्या या माणसानं पुढे ही गिरणी नावारूपाला आणली.

सुरुवातीची यंत्रं हलकी निघाली, सूत नीट येईना. जमशेटजींनी ती बदलली. रिंग फ्रेम नावाचं नवं यंत्र तेव्हा लँकेशायरवाले घ्यायला तयार नव्हते, ते यांनी नागपुरात चालवून पाहिलं. कामगार वारंवार गैरहजर राहायचे. त्यावर दंड लावण्याऐवजी त्यांनी बक्षिसं सुरू केली. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, आग विझवण्याची यंत्रणा बसवली. 1886 साली पेन्शन फंड आणि पुढे 1901 साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. यातलं काहीही करायला तेव्हा कायद्याची सक्ती नव्हती.

आता वंशावळीकडे या.

जमशेटजींना दोन मुलगे. थोरले दोराबजी, जन्म 1859. धाकटे रतनजी, जन्म 1871. दोघांच्या वयात जवळपास बारा वर्षांचं अंतर. दोराबजी केंब्रिजला राहून आले, काही काळ मुंबईत पत्रकारी केली आणि मग वडिलांनी त्यांना नागपूरच्या गिरणीत पाठवलं. 1887 साली टाटा अँड सन्स ही भागीदारी पेढी निघाली. तिसरे भागीदार होते आर. डी. टाटा, म्हणजे रतनजी दादाभाई टाटा. हे जमशेटजींचे मामेभाऊ, आई जीवनबाईंच्या भावाचा मुलगा. आडनाव तेच, पण फांदी वेगळी.

19 मे 1904 रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. दोनच महिन्यांनी, 29 जुलैला, पॅरिसमध्ये आर. डी. आणि त्यांच्या फ्रेंच पत्नीला मुलगा झाला. तेच जेआरडी. म्हणजे जेआरडी जमशेटजींचे नातू नव्हते, मामेभावाचा मुलगा होते.

जमशेटजींच्या बहिणींच्या मुलांचा किस्सा आणखी मजेशीर. एक भाचे नवरोजी सकलातवाला 1932 ते 1938 टाटा समूहाचे अध्यक्ष होते. दुसरे भाचे शापुरजी सकलातवाला. सुरुवातीला ते टाटांच्याच कामासाठी चांद्याच्या जंगलात लोखंडाच्या खाणी शोधत फिरले. पुढे इंग्लंडला गेले, कम्युनिस्ट झाले आणि 1922 साली ब्रिटिश संसदेत निवडूनही आले. मामा गिरणीमालक, भाचा कामगारांच्या बाजूनं भांडणारा खासदार!

इकडे जमशेटजींची थेट रेघ मात्र संपत चालली होती. धाकटे रतनजी 1918 साली गेले. त्यांना आणि पत्नी नवाजबाईंना मूल नव्हतं. दोराबजी आणि मेहेरबाईंनाही मूल नव्हतं. 1931 साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. दोन्ही भावांची संपत्ती ट्रस्टमध्ये गेली. त्या पैशातून टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, टिस आणि टीआयएफआर या संस्था उभ्या राहिल्या. यातली टीआयएफआर काढणारे होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे, म्हणजे मेहेरबाई त्यांच्या आत्या.

मग रतन टाटा कुठून आले?

अहमदाबादच्या अ‍ॅडव्हान्स मिलमध्ये होरमसजी टाटा नावाचे स्पिनिंग मास्टर होते. गिरणी टाटांची, आडनावही टाटा, पण हे पगारदार. 1908 साली ते वारले. घरात अडचण आली. आई भरतकाम करून संसार ओढू लागली आणि चार वर्षांचा मुलगा नवल पुढे मुंबईच्या पेटिट पारशी अनाथाश्रमात दाखल झाला. या मुलाच्या आईची आई आणि जमशेटजींच्या पत्नी हिराबाई या सख्ख्या बहिणी. नात्यानं तो घरातलाच होता, पण परिस्थितीनं लांब गेलेला. रतनजींच्या मृत्यूनंतर नवाजबाईंनी नवलला दत्तक घेतलं.

अनाथाश्रमातला मुलगा एका दिवसात टाटांच्या घरातला वारस झाला. पुढे टाटांच्या कापडगिरण्यांचा कारभार याच नवल टाटांकडे आला. ज्या धंद्यात वडील नोकरी करत होते, त्या धंद्याच्या गादीवर मुलगा बसला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतही नवल टाटांनी अनेक दशकं काम केलं. त्यांचे चिरंजीव रतन टाटा, ज्यांना आजी नवाजबाईंनी वाढवलं. रतन टाटांनी लग्न केलं नाही. 9 ऑक्टोबर 2024 रोजी ते गेल्यावर त्यांचे सावत्र भाऊ नोएल टाटा ट्रस्टचे अध्यक्ष झाले.

थोडक्यात, जमशेटजींच्या रक्ताची सरळ रेघ 1932 सालीच संपली. पुढचं सगळं मामाच्या फांदीनं, बहिणींच्या मुलांनी आणि एका दत्तक मुलानं चालवलं. आणि संपत्ती? टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के शेअर्स आज ट्रस्टकडे आहेत. मूळपुरुषाला नातवंड नसलं की भाऊबंदकीत अनेक घराणी बुडाली. टाटांच्या बाबतीत वारसच नव्हते, म्हणून बराचसा वारसा लोकांच्या नावावर झाला.

नागपूरची एम्प्रेस मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. हजारो कामगारांच्या घरची चूल जिच्यावर पेटायची, त्या गिरणीच्या जागेवर आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. तिथं कापड अजूनही विकलं जातं, पण ते बाहेरून येतं. आणि तिवस्याच्या शिवारात शेतकरी अजूनही पऱ्हाटी लावतो आणि यंदा भाव काय निघतो याची वाट बघतो.