शार्ल फाब्री

धाराशिवचा दूरध्वनी आज मुंबईस पोहोचतो तो बहुधा केसासारख्या बारीक काचतंतूंतून, प्रकाशरूपाने. वाटेत क्षीण झालेला प्रकाश यंत्राने वाढवावा लागतो. पण ते यंत्र स्वतःच्या प्रकाशाची भेसळही करते. हा गोंगाट वगळून हवी तेवढीच लहर घेणारी एक गाळणी ज्यांच्या प्रयोगातून निघाली, त्या शार्ल फाब्री यांची ओळख आम्ही आमच्या बालवाचकांस करून देत आहो.

फाब्री यांचा जन्म ११ जून १८६७ रोजी फ्रान्समधील मार्सेल शहरी झाला. पॅरिसला शिकून १८९४ साली ते मार्सेलच्याच विद्यापीठात अध्यापक झाले. तेथे एका तरुण संशोधकाने त्यांस विचारले की, दोन धातुपृष्ठांमधील अतिसूक्ष्म फट मोजावी कशी? फाब्रींनी सहकारी आल्फ्रेड पेरो यांच्यासह चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या दोन काचा समोरासमोर समांतर ठेवल्या. प्रकाश त्यांमध्ये वारंवार मागेपुढे परावर्तन पावतो. ज्या लहरींची संख्या जाण्यायेण्याच्या अंतरात नेमकी पूर्ण भरते, त्याच बाहेर पडतात. काच लेशमात्र सरकविली की निवडलेली लहर बदलते! अंतर मोजावयास केलेले साधन पुढे प्रकाश निवडावयाचे झाले, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

१९१३ साली हेन्री ब्युइसाँ यांच्यासह त्यांनी वातावरणाच्या वरच्या थरांत ओझोन असल्याचे मापनाने दाखविले. ११ डिसेंबर १९४५ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. काचतंतूंतील संदेशवहन त्यांच्या मागून कित्येक वर्षांनी आले.